पायरीचं माप

चैत्र लागला की नाशिक रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या दिसायला लागतात. एक नेहमीच्या, कंपन्यांच्या. कंटेनर, कामगारांच्या बस, पाठीवर नव्याकोऱ्या मोटारी घेऊन चाललेले लांबलचक ट्रेलर. आणि दुसऱ्या जत्रांच्या. पिकअपच्या हौद्यात उभा केलेला एखादा पांढराशुभ्र बैल, शिंगांना गोंडे, कपाळावर भंडारा, आणि पुढं केबिनमध्ये दोघांच्या जागेत चौघे. परवा फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या चौकात अडकलो होतो, तेव्हा शेजारी अशीच एक गाडी येऊन थांबली. केबिनमध्ये कुणीतरी कुणाची तरी टर उडवत होतं आणि बाकीचे खिदळत होते. बैल तेवढा शांत होता. त्यानं मान वळवून माझ्या खिडकीत पाहिलं. माझ्या शेजारच्या सीटवर डबा होता आणि कंपनीचं आय-कार्ड.

माझी गाडीही पिकअपच होती, पण उंच. तिच्यात बसलं की चौकातल्या बहुतेक मोटारींची टपं दिसायची. ही उंची मी स्वतः निवडली. तीन आठवडे घोळ घालून, विचारून, मोजून निवडली. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही.

तीन वर्षांपूर्वीचा चैत्र. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो, म्हणजे अशा गोष्टी करण्याचं वय माझं उलटून गेलं होतं. कंपनीत वीस वर्षं मी एकच काम करत आलोय. दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग हातात घ्यायचे, गेज लावायचा, माप बरोबर असेल तर इकडे ठेवायचं, नसेल तर तिकडे. त्या मार्चमध्ये माझ्या हाताखाली शिकलेला एक जण माझा साहेब झाला. त्याच महिन्यात बायको मुलीच्या कॉलेजसाठी रहाटणीच्या फ्लॅटवर राहायला गेली. भांडण वगैरे काही नव्हतं, गावातून रोजचं जाणं-येणं मुलीला जमत नव्हतं एवढंच. मी गावी आबा-आईजवळ राहिलो, आणि गुरुवारच्या सुट्टीला रहाटणीला जायला लागलो. तिथं दोघी आपापल्या कामात असायच्या. दुपारी जेवून मी खाली उतरायचो आणि काळेवाडीच्या रस्त्यानं उगाच चालत राहायचो. त्या रस्त्यावर बालाजीचं टायरचं दुकान होतं.

बालाजी मूळचा लातूरकडचा. दुकानाबाहेर टायरांची उतरंड आणि सावलीला एक बाकडं. मी दोन-तीनदा तिथं नुसताच रेंगाळलो तेव्हा त्यानंच हाक मारली, "बसा की भाऊ. काय करायलाव उन्हात?"

बसलो. आणि मग गुरुवारमागून गुरुवार बसत गेलो. गाडी उचलायची हे तिथंच डोक्यात आलं. कारण विचारलं तर मी सांगायचो की घाटाकडं जाणारा रस्ता खराब आहे, मध्ये दगड आहेत, गाडीचं पोट घासतं. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. बैलगाड्याच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, वरच्या अंगाला सगळ्यांच्या गाड्या ओळीनं लागतात. त्या ओळीत आमची गाडी कुणाच्या लक्षात यायची नाही. ती लक्षात यावी असं मला वाटत होतं. वीस वर्षं माणूस मान खाली घालून मापं घेत राहिला की त्याला एकदा तरी वरून बघावंसं वाटतं. निदान मला वाटलं.

बालाजी शिकवायला चांगला होता. जमिनीवर खडूनं चाक काढून त्यानं मला समजावलं होतं. "बगा, गाडी दोन रस्त्यानं उचलती. स्प्रिंगच्या पाट्याला ठोकळा देऊन, न्हाईतर टायर मोठा करून. ठोकळा जेवढा, तेवढी गाडी वर. टायरचं तसं नसतंय. तीन इंचानं मोठा टायर घेतला तरी गाडी दीडच इंच उठती."

"का?"

"अर्धा टायर वरच्या बाजूला वाढतोय ना भाऊ. गाडी उचलायला खालचाच अर्धा कामाला येतोय."

मग मी कागदावर आकडे मांडायचो. दोन इंचांचा ठोकळा की अडीच? टायर दोन इंचानं मोठा की तीन? नव्या रबराचा तो उग्र वास, हातात गार लिंबू सरबत, आणि समोर आकड्यांचा कागद. मी सुखी होतो. असं काही स्वतःसाठी निवडायची वेळ माझ्यावर फार वर्षांत आली नव्हती. शेवटी अडीचचा ठोकळा आणि तीन इंचानं मोठा टायर ठरला. एकूण चार इंच.

"गाव वळून बघंल राव," बालाजी म्हणाला. मग तो गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. "पर एक अडचण हाय. ही पायरी."

आमच्या पिकअपला डाव्या दाराखाली एक लोखंडी पायरी होती. ती आबांनी चाकणच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतलेली. आबांचे दोन्ही गुडघे गेलेले. जमीन आणि केबिन यांच्या बरोबर मध्यावर ती पायरी होती, पाय घसरू नये म्हणून वर आडव्या सळ्या. डावा पाय पायरीवर, हात दाराच्या कडीला, एक "हं", आणि आबा आत. मी स्टेअरिंगवर असायचो. दरवेळी विचारायचो, "बसला का?" ते म्हणायचे, "हाण." या दोन वाक्यांवर आम्ही कितीतरी जत्रा केल्या. वाटेत फार बोलायचो असं नाही. आळंदी फाट्यावर चहा घ्यायचो, कुणाचा बैल कसा आहे ते बोलायचो, बाकी ते खिडकीतून शेतं बघायचे. शेतं उरली नव्हती तिथं कंपन्यांच्या भिंती बघायचे.

"चाक वळवलं की टायर ह्या पायरीला घासनार," बालाजी सांगत होता. "एक साईज खालचा टायर घ्या, मग पायरी ऱ्हाती. गाडी अर्धा इंच कमी उठंल, तेवढंच."

अर्धा इंच.

"कुनासाठी हाय पायरी?"

"वडलांसाठी."

"मग ठिवा की."

मी गाडीकडं पाहिलं. नवा टायर नुसताच टेकवून ठेवला होता, त्याचे जाड खवले उन्हात चमकत होते. त्याच्या शेजारी ती गंजलेली पायरी खरंच वाईट दिसत होती. "काढ," मी म्हणालो. "ते चढतील कसेही." बालाजीनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. पायरी भंगारात पडली तेव्हा तिच्या सळ्यांत आमच्या रानातली माती होती.

गाडी घरी आणली तेव्हा आबा ओट्यावर होते. उठून आले, गाडीभोवती एक फेरी मारली. टायरावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. डाव्या दाराशी थांबले. खाली पाहिलं. "उच झाली," एवढंच म्हणाले.

शेजारचे तात्या, आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार, कुंपणापलीकडून मला हाक मारून ओरडले, "दत्ता, शिडी कुठाय रं? का हेलिकॉप्टर मागवलंय?" मी हसलो. आबाही हसले. त्यांच्या त्या हसण्यावर मी समाधान मानलं.

गोठ्याच्या बाजूला आबांनी बांधलेला दगडमातीचा एक धक्का आहे. आमच्याकडं ज्याच्या घरी शर्यतीचा बैल, त्याच्या घरी असा धक्का असतोच. गाडी उलटी घेऊन त्याला लावायची, मागचा फाळका पाडायचा, की हौदा आणि धक्का एका पातळीत येतात आणि बैल जमिनीवरून चालावा तसा आत जातो. आमचा पाखऱ्या त्या आठवड्यात पहिल्यांदा उचललेल्या गाडीशी आला. पुढचा पाय टाकला, खूर फाळक्याच्या कडेला खटकन आपटला, आणि तो मागं सरला. पुन्हा आणला, पुन्हा मागं. मी दावं ओढायला लागलो.

"वढू नको," आबा म्हणाले. "त्याला सांगता येत न्हाई."

त्यांनी हौद्याच्या कडेला मूठ लावून उंची बघितली. चार बोटं आणि वर अंगठा. मी शिफ्टला गेलो. संध्याकाळी आलो तर धक्क्यावर तेवढाच ओल्या मातीचा थर, चोपून सारखा केलेला. अडुसष्ट वर्षांच्या माणसानं ते एका दिवसात केलं होतं. मी म्हणालो, "मला सांगायचं ना." ते म्हणाले, "झालं की." दुसऱ्या दिवशी पाखऱ्या सरळ आत गेला. माझ्या चार इंचांना आबांनी जागच्या जागी उत्तर दिलं होतं, पण ते बैलासाठी. स्वतःसाठी त्यांनी काय केलं ते मला कळायला तीन वर्षं लागली.

जत्रेची सकाळ. ऊन अजून कोवळं. भावकीतले दोघं हौद्यात बैलाजवळ चढले होते, हलगीवाले पुढं निघून गेले होते. आबा नवी टोपी, खांद्यावर धुतलेलं उपरणं अशा वेषात डाव्या दाराजवळ उभे होते. मी गाडीला एक चक्कर मारून टायर बघत होतो. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, मला ते नुसते पाहायचे होते. दाराखाली जमिनीवर कांद्याचा एक निळा क्रेट पडला होता. पालथा.

"हा इथं कुणी टाकला?" मी म्हणालो, आणि उचलून हौद्यात कडब्यावर भिरकावला.

आबांचा हात अर्धवट पुढं आला आणि परत उपरण्याकडं गेला. एवढं मला आठवतं. आठवतं म्हणजे मी ते पाहिलं होतं. मग मी पलीकडून चढलो, गाडी सुरू केली आणि आतून ओरडलो, "येताय का?"

बसला का, असं नाही विचारलं. येताय का.

आबा म्हणाले, "हो तू फुडं. मी तात्याच्या फटफटीवर येतो."

मी म्हणालो, "बरं."

हातात आलेल्या प्रत्येक तुकड्यात काय चुकलंय हे शोधायचा मी पगार घेतो. कांद्याचा क्रेट पालथा कोण ठेवतं? भरायचा तर उताणा ठेवतात, रिकामे असले तर एकात एक घालून रचतात. तो नीट, जमिनीवर न डुगडुगता, दाराच्या बरोबर खाली ठेवलेला होता. कंपनीत असा एखादा भाग उलटा आला असता तर मी लाइन थांबवली असती.

घाटावर आमची गाडी लोकांनी वळून बघितली. बालाजी बरोबर होता. दोघा-तिघांनी टायरची साईज विचारली, एकानं तिच्यापुढं उभं राहून फोटो काढला. आमचा नंबर लवकर पुकारला. मी उंच केबिनच्या उघड्या दारात उभा राहून बारी, म्हणजे आमच्या बैलांची धाव, बघितली. भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, पुढं घोडी, मागं बैल, आणि डावीकडून पाखऱ्या असा पळाला की पुन्हा तसा पळाला नाही. मी ओरडत होतो, पण शेजारी ओरडायला कुणी नव्हतं. बारी संपून बैल परत आणले तेव्हा वरूनच मला गर्दीत आबांची पांढरी टोपी दिसली. तात्यांच्या फटफटीचं चाक वाटेत बसलं होतं. आबा शेवटचा चढ चालत आले होते.

"कसा पळाला?" त्यांनी विचारलं.

"चांगला."

ते पाखऱ्याजवळ गेले. त्याच्या मानेवरून हात फिरवला, ओला तळवा बघितला. "व्हय," म्हणाले. "घामावरनं कळतंय."

त्या हंगामात आणखी चार जत्रा झाल्या. आबा एकीलाही आले नाहीत. कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. वय झालं, ऊन सोसत नाही, असं आम्ही बोलायचो. डोळे दाखवायला ते एसटीनं गेले. "तू कंपनीत जा, मला बस बरी." गाडी माझी एकट्याचीच झाली. मी तिच्यातून कंपनीत जायचो, कंपनीतून यायचो. टायर रस्त्यावर एकसारखा घोंघावणारा आवाज करायचे, आणि तो आवाज ऐकत एकट्यानं गाडी चालवण्यात सुरुवातीला मजा वाटायची.

पौषात आबा तापानं आजारी पडले आणि चौथ्या दिवशी श्वास लागला. दारात माझी गाडी उभी असताना आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली. तिची पायरी दार उघडल्यावर आतून बाहेर येते, अगदी जमिनीजवळ. आबांना स्ट्रेचरवरूनच आत घेतलं, पायरीची गरज पडली नाही. मी मात्र त्या पायरीकडंच बघत उभा होतो. आबा परत आले नाहीत.

पाखऱ्या बहिणीच्या सासरी दिला. तो अजून पळतो म्हणे. मी बघायला जात नाही.

हे सगळं परवाच्या बैलामुळं वर आलं असं म्हणता येईल, पण तसं नाही. चौकातून घरी आलो आणि कामाला लागलो. गोठा आता रिकामाच असतो, त्यात कांद्याचे जुने क्रेट पडलेत. गावातल्या एका व्यापाऱ्याला ते द्यायचे ठरले होते. मी एकेक बाहेर काढत होतो. कोपऱ्यात एक क्रेट वेगळा होता, निळा, पालथा. तो उचलला तशी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आई म्हणाली, "त्यो नको दिऊ. आबांचा हाय."

"आबांचा? क्रेट?"

"त्याच्यावर चढून बसायचे की गाडीत."

आई शेंगा फोडत बोलत होती, जणू मला हे माहीतच आहे. "तू पायरी काढून आनली ना, तवा. तुझी सेकंड शिफ्ट असली की सकाळी तू झोपलेला असायचा. तवा क्रेट लावून चढायचे. जमायचं न्हाई. मी म्हनायचे, पडाल, म्हातारपनी हाड मोडून घ्याल. मग धा-बारा दिसांनी जमलं. चढायचे, दार लावून आत बसायचे. उगा बसून ऱ्हायचे फुडं बघत. मग उतरायचे. एकदा तर हार्न वाजिवला. मी म्हनलं, पोरगं उठंल. तर हसले."

"मग जत्रेला का नाही…"

"तूच टाकला ना त्यो क्रेट मागं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माझ्याकडं बघितलं त्यांनी, आन् गप बसले. चारचौघांत हौद्यातनं परत मागून घ्यायचा व्हय? त्यांच्यानं न्हाई व्हायचं ते."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"नको म्हनले होते." मग आणखी एक शेंग फोडून, "तू तरी कवा इचारलंस?"

मी टेप आणला. वीस वर्षांची सवय, दुसरं काही सुचत नाही. गाडी अंगणात होती. जमिनीपासून केबिनच्या तळापर्यंत सव्वीस इंच. क्रेट बारा इंच. म्हणजे क्रेटवरून आत चढायचं चौदा. जुनी गाडी बावीस होती आणि पायरी बरोबर मध्यावर, म्हणजे अकरा. आबांचा पाय अकरा इंच उचलायचा. त्या गुडघ्यांनी त्यांनी तो चौदापर्यंत नेला होता. तीन इंच. तेव्हा टायर एक साईज खालचा घेतला असता तर माझी गाडी अर्धा इंच कमी उठली असती.

आबांच्या पायाचं माप मला असं वजाबाकीतून मिळालं. ते जिवंत असताना टेप माझ्या खिशातच असायचा.

मग मी क्रेट दाराखाली पालथा ठेवला आणि त्याच्यावर पाय देऊन डाव्या बाजूनं चढलो. त्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. स्वतःच्या गाडीत माणूस डावीकडं कशाला बसेल? तिथून गोठा दिसतो, धक्का दिसतो, धक्क्यावरचा तो वेगळ्या रंगाचा मातीचा थर दिसतो. आणि उजवीकडं मान वळवली की रिकामी ड्रायव्हरची सीट दिसते. आबा इथं बसून समोर बघत असतील तेव्हा मी आत अंथरुणात होतो, पंचवीस पावलांवर.

गुरुवारी बालाजीकडं गेलो. टायर झिजलेच होते. त्यानं हात फिरवला. "हीच साईज टाकू, का अजून मोटा?"

"जुनी साईज टाक. कंपनीतून आली होती ती. ठोकळे पण काढ."

"समदं खाली घ्यायचं?" तो हसला. "लोकं वर करून घेतेत भाऊ."

"आणि डावीकडं पायरी बसव. आडव्या सळ्या टाकून."

त्याचं हसणं थांबलं. त्याला ती ग्राइंडरची दुपार आठवली की नाही, मला माहीत नाही. एवढंच म्हणाला, "किती उच्चीवर?"

"अकरा इंच."

संध्याकाळी गाडी घरी आणली. हौदा आता आबांच्या थरापेक्षा चार इंच खाली बसतो. तात्या कुंपणाशी आले, बघून म्हणाले, "माती काढ की वरची, खोऱ्यानं अर्ध्या तासाचं काम." मी नको म्हणालो. तात्यांनी या वेळी चेष्टा केली नाही.

आईला हाक मारली. म्हणालो, शेजारच्या गावची जत्रा रविवारी आहे, तुला नेतो, पाखऱ्या पळणार आहे. ती आली. पदराला हात पुसून पायरीवर हात फिरवला, सळ्या चाचपल्या. डावा पाय उचलून पायरीवर ठेवला. माझा हात तिच्या कोपराशी होता. ती तशीच उभी राहिली, आतल्या सीटकडं बघत.

मग तिनं पाय खाली घेतला. "चांगली झालीय," म्हणाली. "तुझ्या आबांची होती तशीच. पर मी न्हाई येत. तू जाऊन ये."

ती घरात गेली. रविवारी मी जाईन की नाही, सांगता येत नाही. बाकीचे क्रेट व्यापारी घेऊन गेला. निळा मी गोठ्यात परत नेला आणि कोपऱ्यात, जिथं होता तिथंच, पालथा ठेवला.